महाराज म्हणाले, बस

चवरीचा चांदीचा दांडा महाराजांच्या पगडीवर टक्कन आपटला. तुरा मोडून सिंहासनाच्या पायरीवर पडला आणि दरबारातले सरदार, कारकून, दासदासी सगळे जागच्या जागी गप्प झाले. मग दासींच्या पहिल्या रांगेतली म्हातारी हौसाक्का तोंडाला पदर लावून फस्सकन हसली.

"कट," दिग्दर्शक चिकोडीकर म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण ते अगदी हळू म्हणाले.

तो दांडा माझ्या हातात होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी कोल्हापुरात शिवणक्लास चालवायची आणि संध्याकाळी हौशी मंडळाच्या नाटकांतून कामं करायची. राज्य नाट्यस्पर्धेत माझं एक काम चिकोडीकरांनी पाहिलं आणि मला सिनेमात घेतलं. सिनेमाचं नाव 'प्रजावत्सल'. एका संस्थानचे महाराज माणसं विकण्याची चाल बंद करतात आणि राज्यातल्या सगळ्या गुलामांना मोकळं करतात, अशी गोष्ट. संस्थान काल्पनिक होतं. "खरं घेतलं की कुणाचा तरी पणतू वकील घेऊन येतो," असं चिकोडीकर म्हणायचे.

माझं काम केवडा नावाच्या कुणबिणीचं होतं. कुणबीण म्हणजे वाड्यावर विकत घेतलेली दासी. सबंध सिनेमाभर महाराजांच्या मागं उभं राहून मला चवरी ढाळायची होती. महाराज बोलायचे आणि मी वारा घालायची. शेवटी ते गुलामी बंद झाल्याचं जाहीर करतात तेव्हा मी चवरी ढाळत ढाळतच रडायचं, मग त्यांच्या पायावर पडायचं आणि म्हणायचं, "महाराज, तुम्ही माणूस नाही, देव आहात." सबंध सिनेमात माझ्या तोंडी तेवढं एकच वाक्य होतं. मी ते शिवणाच्या मशीनवर, भाकरी थापताना, अंघोळीला पाणी तापवताना इतक्या तऱ्हांनी म्हटलं होतं की आमच्या ह्यांना ते माझ्याआधी पाठ झालं होतं.

महाराज होते अच्युतराव रणनवरे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मराठी पडद्यावर राजा, दिवाण, पुढारी, समाजसुधारक, जो कुणी थोर माणूस असेल तो अण्णाच. एकदा कुठल्याशा गावात लोकांनी त्यांची मोटार अडवून त्यांच्या हातात रस्त्यातल्या खड्ड्यांचं निवेदन दिलं होतं. "मी घेतलं," अण्णा सांगायचे. "नाही म्हटलं तर राजाची इज्जत जाते. आणि रस्ता झाला पुढं. कुणी केला देव जाणे, पण त्या गावात अजून माझंच नाव घेतात."

चित्रीकरण वाघेरी गावात, तिथल्या जुन्या दरबार हॉलमध्ये चाललं होतं. मे महिना. मोठाले दिवे डोक्यावर आग ओकत होते आणि पडदे हलतात म्हणून विजेचे पंखे बंद ठेवलेले. सबंध हॉलमध्ये वारा काय तो माझ्या चवरीचा. चवरी कुठल्याशा देवस्थानातून मागून आणलेली, खऱ्या चांदीच्या दांड्याची. दिसायला देखणी आणि उचलायला मुसळासारखी. सकाळपासून महाराजांचं ते लांबलचक भाषण वेगवेगळ्या बाजूंनी टिपणं चाललं होतं आणि मी हात खाली घेतला नव्हता. शेवटी हातानंच मला न विचारता निकाल लावला.

चिकोडीकरांनी जेवणाची सुट्टी दिली.

मी चिंचेच्या झाडाखाली एका कडेला जाऊन उभी राहिले. समोर इचलकरंजीची एक मुलगी माझ्यासारखंच नऊवारी नेसून तयार ठेवलेली दिसली. ती कशासाठी आहे, ते सांगायला कुणी लागत नव्हतं. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपातून मुद्दाम रजा काढून शूटिंग बघायला आले होते. ते चहाचा थर्मास घेऊन आले आणि तिच्याकडं पाठ करून उभे राहिले. म्हणजे त्यांनीही ती मुलगी पाहिली होती.

तेवढ्यात अण्णांनी मला हाक मारली. ते पगडी काढून, पंचा डोक्यावर टाकून, वांग्याची भाजी-भाकरी खात होते.

"अण्णा, चुकलं माझं," मी म्हणाले. "लागलं नाही ना?"

"मला काय लागतंय. पगडीत कापूस किती आहे ते ड्रेपरीवाल्याला विचार. तुझा हात दुखतोय काय?"

"खांद्यापासून बधिर झालाय."

"होणारच. सकाळपासून मी तुझ्या वाऱ्यावर भाषण ठोकतोय. तू नसतीस तर पापडासारखा भाजून निघालो असतो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंदा, मला एक सांग. मी गुलामी बंद केली म्हणतो, त्या घटकेला त्या केवड्याच्या मनात काय येत असेल?"

मी काहीतरी वजनदार उत्तर शोधलं. स्पर्धेच्या परीक्षकांना द्यावं तसं. सापडलं नाही.

"तिचा हात दुखत असेल," मी म्हणाले.

अण्णा घास हातात धरून हसत सुटले. पंचा खांद्यावर घसरला तरी त्यांचं हसू थांबेना. मग ते एकदम थांबले आणि म्हणाले, "आणि मी तुला मोकळं केल्यावरसुद्धा तू वारा घालतच राहतेस."

"लिहिलंय तसं."

"लिहिलंय खरं. आजवर मी पडद्यावर किती लोकांना मोकळं केलं असेल, त्याचा हिशेब नाही. सगळे माझ्या पायाकडंच बघतात. चिकोडीकरांना विचारायला पाहिजे."

पण ते विचारायच्या आधीच निर्माते भाऊसाहेब जाचक येऊन पोचले. भाऊसाहेब साखर कारखान्याचे चेअरमन. दिवाळीनंतर जिल्हा परिषदेची निवडणूक होती आणि सिनेमा त्याआधी लागावा असा त्यांचा आग्रह होता. महाराजांच्या पगडीला त्यांनी स्वतःच्या फेट्याचाच रंग निवडला होता, यावरून काय ते समजावं. त्यांच्या हातात एक कागद होता.

"अण्णा, एवढं जरा भाषणात घाला. गुलामी बंद केली हे झालंच. पण लोकांना पुढचंबी कळाय पाहिजे. पाटाचं पाणी, गावोगाव शाळा, दवाखाना, दूध डेअरी."

"त्या काळी डेअरी?"

"बरं, डेअरी ऱ्हाऊ द्या. गायी म्हणा."

"भाऊसाहेब, मी साठीला आलो. एवढं पाठ व्हायला वेळ लागतो."

"तुम्हाला काय अवघड? राजे हाय तुम्ही."

अण्णांनी कागद घेतला. कॅमेरामन टिपणीस येऊन सांगून गेला की डब्यात एका टेकपुरतीच निगेटिव्ह उरली आहे. नवीन यायला आठवडा लागला असता. आणि हॉलही संध्याकाळी सोडायचा होता. दुसऱ्या दिवशी तिथं लग्न होतं, आचाऱ्याची पातेली मागच्या दारी येऊन पडलीसुद्धा होती.

आम्ही परत जागेवर उभे राहिलो. चिकोडीकर माझ्याजवळ आले. घामानं त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता.

"मंदाताई, काहीही झालं तरी चवरी थांबता कामा नये. भाषण संपलं की पायावर पडायचं. आता चुकलं, तर..." त्यांची नजर इचलकरंजीच्या मुलीकडं गेली.

कॅमेरा सुरू झाला. अण्णा सिंहासनावरून उठले. त्यांचा आवाज असा होता की नुसतं 'आम्ही' म्हटलं तरी अंगावर काटा यावा. ते बोलत गेले, मी चवरी ढाळत गेले. समोर हौसाक्का आणि गावातल्या बाया सकाळपासून उभ्या होत्या, तशाच मान खाली घालून उभ्या होत्या.

"आजपासून," अण्णा म्हणाले, "आमच्या राज्यात माणूस विकला जाणार नाही, विकत घेतला जाणार नाही. आजपासून कुणी कुणाचा गुलाम नाही."

माझा हात थांबला. या खेपेला तो दुखला म्हणून थांबला नाही. मी चवरी सावकाश खाली घेतली आणि सिंहासनाच्या पायरीवर आडवी ठेवली. दिव्यांमागं चिकोडीकरांचे दोन्ही हात हवेत वर गेलेले मला दिसले. त्यांच्या पलीकडं आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले.

वारा बंद झाल्याचं अण्णांना लगेच कळलं. त्यांच्या मानेवरून घामाची धार अंगरख्यात उतरली. "आणि," ते म्हणाले. "आणि पाटाचं..." मग थांबले. आयुष्यात कधी वाक्य न विसरलेला तो माणूस तिथं उभा राहून शब्द शोधत होता. शाळा नाही, दवाखाना नाही, गायी नाहीत. हॉलमध्ये फक्त कॅमेऱ्याची घरघर ऐकू येत होती. त्यांनी उजवा हात वर केला आणि म्हणाले,

"बस."

मी बसले.

कशी बसले ते सांगते. माझी आत्या जन्मभर एका बड्या घरी कामाला होती. माणसं चांगली होती, वाईट वागवत नव्हती, पण त्या घरात ती कधी खाली टेकली नाही. काम सोडलं त्या दिवशी ती आमच्याकडं आली आणि जोत्यावर बसली. पाय लांब पसरून, हात गुडघ्यांवर टाकून, मागं भिंतीला टेकून. आम्ही पोरं तिच्याभोवती खेळत होतो, पण ती कुणासाठी उठली नाही. मी तशी बसले. भिंतीऐवजी माझ्या पाठीला सिंहासनाचा पाय होता.

समोर हौसाक्कानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, महाराजांकडं बघितलं, आणि "आई गं" म्हणत तीही खाली बसली. तिच्या शेजारची बसली. मग ती सगळी रांग बसली, मागची बसली, भालदार-चोपदार बसले. सरदार म्हणून तालमीतली पोरं आणली होती, त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि त्यांतला एक जाडजूड सरदार तलवार सावरत बसला तसे बाकीचेही बसले. भरल्या दरबारात आता एकटे महाराज उभे होते. त्यांनी आमच्या सगळ्यांवरून हळूहळू नजर फिरवली. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला खालून नीट दिसलं नाही. पुढं पडद्यावर दिसलं. थोडा भांबावलेला, थोडा सुटल्यासारखा.

फिल्म संपल्याचा खटका झाला, तेव्हा कुठं चिकोडीकरांना "कट" म्हणायचं सुचलं.

"हे काय झालं?" भाऊसाहेब खुर्चीतून उठले. "पाया कोण पडणार? बाई, तुमचं ते देव आहात कुठं गेलं? आणि माझ्या गायी?"

मी उठायला लागले. मला वाटलं, आपला सिनेमा इथंच संपला. पण चिकोडीकरांनी मला हातानंच थांबवलं. ते टिपणीसकडं गेले, दोघं काहीतरी कुजबुजले, आणि ते चष्मा पुसत भाऊसाहेबांकडं वळले.

"भाऊसाहेब, तुमच्या सभेत लोक उभे असतात की बसलेले?"

"बसलेले."

"आणि उभे असतात ते?"

भाऊसाहेबांनी विचार केला. "ते कडेचे. ते निघून जातात."

"मग. इथं सगळा दरबार महाराजांसमोर बसलाय. एकही माणूस उठून गेला नाही."

भाऊसाहेबांनी परत एकदा दरबाराकडं पाहिलं. हौसाक्का आता पाय चोळत होती. "हे बाकी खरं," ते म्हणाले. "सभा भरल्यागत दिसतंय."

माझं काम असं वाचलं. इचलकरंजीच्या मुलीनं माझ्याशी छान गप्पा मारल्या आणि नऊवारी उतरवून ती घरी गेली.

सिनेमाचा आवाज त्या काळी मागाहून स्टुडिओत भरायचे. पडद्यावर आपले ओठ बघून परत तेच बोलायचं. पायावर पडणंच गेल्यामुळं माझं वाक्यही गेलं होतं, पण अण्णांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. तो प्रसंग आला. चिकोडीकर म्हणाले, "अण्णा, इथं जरा मायेनं म्हणा. बस, मुली. असं."

"ओठ तेवढेच हललेत," अण्णा म्हणाले आणि त्यांनी कोरडं, सरळ "बस" म्हटलं. चिकोडीकरांनी मान डोलावली. त्यांना त्यातही माया ऐकू आली असावी.

बाहेर चहाच्या टपरीवर अण्णा मला म्हणाले, "मंदा, तुझ्यापाशी बोलायचं होतं. मी ते तुला म्हणालो नव्हतो."

"काय?"

"बस. मी शब्द विसरलो होतो. पुरे कर, बंद कर म्हणून मी टिपणीसला हात केला. तू खाली बसलीस, मग मला बंद करा म्हणता येईना."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. "कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तुम्ही माझ्याकडं बघतच नव्हता अण्णा. कॅमेऱ्याकडं बघत होता."

"मग बसलीस कशी?"

"तुम्ही आधीच म्हणाला होता ना, आजपासून कुणी कुणाचा गुलाम नाही. मग कुणी बस म्हणायची वाट कशाला बघायची? बसायचंच होतं. तुमचं बस मध्येच आलं."

अण्णांनी टपरीवाल्याला अजून दोन चहा सांगितले आणि घरी जाईपर्यंत अधूनमधून आपल्याशीच हसत राहिले.

सिनेमा चालला. लोक बाकीचं सगळं विसरले, पण तो दरबार त्यांच्या लक्षात राहिला. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, "एका शब्दात महाराज शतकांची गुलामी पुसून टाकतात. दासीला आपल्यासमोर बसायला सांगणारा असा राजा पडद्यावर याआधी झाला नाही." माझ्याबद्दल लिहिलं होतं, "दासीही ठीक."

सिनेमाला पन्नास दिवस झाल्याचा समारंभ कोल्हापुरात झाला. निवडणूक तोंडावर असल्यामुळं भाऊसाहेबांनी तो चांगलाच दणक्यात केला. हॉल भरावा म्हणून वाघेरीच्या बायांनाही कारखान्याच्या ट्रकमधून आणलं होतं. स्टेजवर हारांचा ढीग झाला. भाऊसाहेब म्हणाले, जनतेला मानानं बसवणारा राजा आम्ही दाखवला, आणि पुढंही जनतेला आम्ही तसंच मानानं बसवणार. मग अण्णा बोलायला उठले.

"मंडळी," ते म्हणाले, "आज एक खरं सांगतो. त्या प्रसंगात मी कुणालाही बसायला सांगितलेलं नाही. मी वाक्य विसरलो होतो. माझं बस म्हणजे पुरे. बसली ती मंदा सुतार, आपणहून. मग बाकीच्या बाया बसल्या. मी नुसता उभा होतो."

मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी डोळे पुसले. अण्णा हात वर करून "नाही, नाही, अहो खरंच" म्हणत होते आणि ते जितकं नाही म्हणत तितक्या टाळ्या वाढत होत्या.

आमचे हे माझ्या कानाशी वाकले. "बघितलंस, किती मोठ्या मनाचा माणूस. स्वतःचं श्रेय तुला देतोय."

मला हसू आवरेना.

खरं ऐकलं ते विरोधी पार्टीच्या एकाच कार्यकर्त्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या भिंतींवर चुन्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "भाऊसाहेब, आता बस." भाऊसाहेब त्या खेपेला पडले.

पण ते पुढं. त्या संध्याकाळी समारंभ आटोपला, लोक पांगले, माईकवाला वायरी गुंडाळायला लागला. अण्णा स्टेजच्या पायरीवर हारांसकट बसले होते. "सांगून बघितलं, मंदा," ते मला म्हणाले. "पगडी घातलेल्या माणसाच्या तोंडून काहीही निघालं तरी ते थोरच होतं बघ."

हौसाक्का गर्दीतून वाट काढत आमच्यापाशी आली. मागं बाकीच्या बाया होत्या.

"अण्णा, तुमी बरोबर सांगितलं," ती म्हणाली. "आमी काय तुमी बसा म्हणलाय म्हणून बसलो न्हाई. पाय भरून आलं हुतं. ही पोरगी बसली, मग म्हणलं, आपुन का हुबं?"

अण्णा एकदम सरळ झाले. "अगं, मग हे तू मघाशी स्टेजवर येऊन का नाही सांगितलंस?"

"मला कुणी बोलिवलं?"

अण्णा उठले, माईकवाल्याच्या हातातली वायर परत जोडायला लावली आणि माईक हौसाक्काच्या हातात दिला. हॉलमध्ये आम्ही, झाडूवाले, आणि दारात चपला शोधणारे पाचपन्नास लोक एवढेच उरले होते.

"हालो," हौसाक्का म्हणाली. स्वतःचा आवाज घुमला तशी ती दचकली. मग तिला तो आवडला असावा, कारण तिनं परत एकदा "हालो" म्हटलं. दारातले लोक थांबून मागं वळले.

"कारखान्याचा ट्रक आमास्नी सोडून गेलाय," ती म्हणाली. "वाघेरीची शेवटची येष्टी आता सुटंल. आमी येतोय म्हणावं. आमी आल्याबिगर गाडी हलवायची न्हाई."

तिनं माईक अण्णांना परत दिला आणि चालायला लागली. आमचे हे तोवर दाराबाहेर पडून स्टँडकडं पळत सुटले होते. एसटीची माणसं तशी कुणाचं ऐकत नाहीत. पण त्या संध्याकाळी वाघेरीची गाडी थांबली.